सुट्टी संपली की

१४ जानेवारी, रात्रीचे पावणेअकरा

पोरगा अजून गच्चीवर आहे. अंधारात कोणती पतंग उडते देव जाणे, पण खाली उतरायचं नाव नाही. मानकापूरच्या बाजूनं अधूनमधून 'ओ काट' ऐकू येतं. मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो. झोप नाही, म्हणून ही वही.

गोष्ट एवढीशी आहे. सकाळी ही उमरेडला बहिणीशी फोनवर बोलत होती, लाडू वळता वळता, फोन स्पीकरवर. मी दारात बसून पोराच्या चक्रीवरचा गुंता सोडवत होतो. ही म्हणाली, "अगं, घाई काय आहे? रथसप्तमीपर्यंत वेळ आहे ना. यांची सुट्टी संपली की ठेवू हळदीकुंकू. घर मोकळं होते मग."

आणि लगेच तिळाच्या भावावर गेली.

जीभ चावली नाही, थांबली नाही, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पलीकडून साळीनंही हटकलं नाही. तोंडून चुकून सटकलं असतं तर एखादीला तरी हसू आलं असतं, आणि मग मीही हसलो असतो. हे सटकलेलं नव्हतं. मिठाच्या डब्याकडे हात जातो ना न बघता, तसं आलं ते.

कसली सुट्टी? येत्या ३१ तारखेला मला फौजेतून पेन्शन जाऊन, म्हणजे निवृत्त होऊन, ४ वर्षं होतील.

आज नेमका वेटरन्स डे, माजी सैनिकांचा दिवस. ग्रुपवर पहाटेपासून आमच्या रेजिमेंटच्या गरुडाचे फोटो, तिळगुळाचे फोटो, आणि त्यावर आमचा युद्धघोष, 'गरुड का हूँ बोल प्यारे'. पहिले भारतीय सेनाप्रमुख करिअप्पा साहेब १९५३ मध्ये याच तारखेला पेन्शन गेले, त्याचा हा दिवस. आमची ब्रिगेड ऑफ द गार्ड्स त्यांनीच १९४९ मध्ये उभी केली, सगळ्या मुलखांची, सगळ्या जातींची पोरं एका रेजिमेंटमध्ये घालून. म्हणून आम्हा लोकांना या तारखेचं जरा जास्तच कौतुक. फौजेत 'पेन्शन गेला' म्हणतात, 'घरी आला' म्हणत नाहीत. इतकी वर्षं ते कानाला खटकलं नव्हतं. आज खटकलं. तिकडचे म्हणतात गेला, इकडचे म्हणतात सुट्टीवर आला, मग मी आहे कुठे? साहेबांना पेन्शननंतर ३३ वर्षांनी, १९८६ मध्ये, फील्ड मार्शल केलं. माझ्या घरी ४ वर्षांत साधं कायमचा म्हणून नाव चढलं नाही.

(२६ तारीख जवळ आली की ऑनररी, म्हणजे मानद, रँकच्या याद्या फिरायला लागतात. जाऊ दे.)

फौजी गावात आला की पहिला प्रश्न 'केव्हा आला?' आणि दुसरा, पहिल्याचं उत्तर ऐकायच्या आत, 'केव्हा जाऊन राहिला?' पानठेल्यावर, एसटी स्टँडवर, देवळात, सगळीकडे हेच दोन प्रश्न. तेव्हा चीड यायची. अरे, आलो आहे तर बसू दे की दोन घटका. पण त्या दुसऱ्या प्रश्नामुळेच मटण शिजायचं, हे आता कळतं. आठवडाभरात जाणार म्हणून बहिणी येऊन जायच्या, पोरं अंगावर पडायची, ही मिरचीचा ठेचा बरणीत भरून द्यायची. ज्याला जायचं नाही त्याच्यासाठी कोण ठेचा कुटतो? फ्रिजमध्ये आहे, घ्या म्हणते.

२००१ चा डिसेंबर. सुट्टीचा नववा दिवस. १३ तारखेला संसदेवर हल्ला झाला आणि पाठोपाठ तार आली. आईनं नुकतेच माझे कपडे धुऊन दांडीवर टाकलेले, ते ओलेच पिशवीत कोंबून निघालो. राजस्थानात पोचलो तेव्हा शर्टाला कुबट वास येत होता. पुढचे दहा महिने ऑपरेशन पराक्रम, म्हणजे पाकिस्तानच्या सीमेवर तैनाती. बीएमपीच्या, म्हणजे जवान नेणाऱ्या चिलखती गाडीच्या, पोटात, वाळूत, समोर काही होत नाही आणि मागे जायचा हुकूमही नाही. माइनफिल्डचं आज नको. पण आईनं तेव्हापासून एक धरलं ते मरेपर्यंत सोडलं नाही: मी सुट्टीवर आलो की माझी पेटी रिकामी करू द्यायची नाही. "राहू दे तशीच, न जाणो," म्हणायची. ही लग्न होऊन आली २००४ च्या मे महिन्यात, तिनं ते पाहून पाहून उचललं. म्हणजे हिला सुट्टी शिकवली ती आमच्याच घरानं.

आईचं आणखी एक. १९९८ मध्ये मी कामठीला रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरला रिक्रूट होतो. रामटेकहून नागपूरला येणारी एसटी कामठीवरूनच जायची. कधी कामानं नागपूरला यायची तेव्हा खिडकीची जागा धरायची, पोरगा दिसतो का म्हणून. सेंटर काय रस्त्यावर ठेवलेलं असतं? पण बघायची. तिला एकदाही दिसलो नाही. ती बघते हेही मला १० वर्षांनी कळलं.

कुठे होतो मी? सुट्टी संपली की.

'घर मोकळं होते' हे जास्त लागलं, असं आता लिहिताना वाटतंय. आणि त्यात खोटं काय आहे, तेही दिसतंय. समोरच्या खोलीत हिचं शिलाईचं मशीन. ब्लाउज, फॉल पिको, लग्नसराईत रात्री १२ पर्यंत काम. मी पेपर घेऊन तिथेच बसतो, कारण मागच्या खोलीत ऊन येत नाही. बाया दारातूनच कापड देतात, "मागच्याच मापाचं शिव" म्हणतात आणि पळतात. दोघीतिघींची मापं मागच्यासारखी राहिलेली नाहीत, ब्लाउज उसवून परत आले. दोष कोणाचा? मला वाटायचं माझ्या मिशांचा दरारा आहे.

पहिल्या वर्षी मी घर लाइनीवर आणायचा प्रयत्न केला. चपला उंचीप्रमाणे, डबे नावाच्या चिठ्ठ्यांसकट, गॅस सिलिंडर कधी लागला त्याचं रजिस्टर. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, "अहो, हे घर आहे, कोत नाही तुमचं." कोत म्हणजे हत्यारखाना. हा शब्द ती झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत, क्वार्टरमध्ये शिकली. अडीच वर्षं मिळालं होतं क्वार्टर. त्यातलं निम्मं आम्ही रेंजवर.

आणि स्कूटी. मी नसताना शिकली, पोरांना शाळेत सोडायला, दवाखान्यात न्यायला, बँकेत जायला. ११ वर्षं मी १४ टनांची बीएमपी चालवली. ड्रायव्हर पुढे डाव्या बाजूला, डोळ्यापुढे पेरिस्कोप, कानात कमांडरचा आवाज. तो सांगेल तिकडे वळायचं. आता मी मागे बसतो आणि माझ्यातला कमांडर जागा होतो. "डावीकडून घे. ट्रक आहे. हळू. अजून हळू." मानकापूर चौकात तिनं सिग्नलला गाडी उभी केली आणि मागे न बघता म्हणाली, "उतरता का?" उतरलो नाही, पण गप्प बसलो. दोन्ही पोरांच्या कॉलेजात पालक म्हणून हिचाच नंबर, गॅसवाल्याकडे हिचा, वीजबिलाला हिचा. माझ्या फोनवर फक्त बँकेचे लोनवाले आणि ग्रुपवरचे गरुड.

रेजिमेंटचं ब्रीद 'पहला हमेशा पहला'. घरात सकाळी बाथरूमसाठी माझा नंबर चौथा.

नोव्हेंबरात स्पर्शवर, म्हणजे फौजेच्या पेन्शन पोर्टलवर, हयातीचा दाखला दिला. मी जिवंत आहे हे सरकारला पाच मिनिटांत पटलं. मी कायमचा आलो आहे हे घराला पटवायचं पोर्टल कोणतं?

(सिक्युरिटीची नोकरी केली ७ महिने. १२ तासांची ड्यूटी, बसायला खुर्ची नाही, आणि २३ वर्षांचा सुपरवायझर मला सावधान कसं उभं राहायचं ते शिकवत होता. सोडली. त्यावर वेगळं लिहीन कधी. किंवा नाही लिहिणार.)

इथपर्यंत लिहून उठलो. दिवाणाखालची पेटी ओढली. काळी, पांढऱ्या पेंटनं नंबर, रँक, नाव. रँकवर दोनदा रंग मारलेला, खालचा 'नायक' अजून दिसतो 'हवालदार'च्या आडून. ही दोन वर्षांपासून म्हणते, रिकामी करा, गहू ठेवता येईल. मी दरवेळी काहीतरी कारण काढतो. उघडली तर आत काय? चहाचा मग, मेस टिन, हाउसवाइफ म्हणजे ती सुईदोऱ्याची पिशवी, जर्सी, एक साबण अर्धा वापरलेला, आणि दाढीचं सामान. दाढीचं सामान मी रोज सकाळी पेटीतून काढतो आणि दाढी झाली की पुसून, पाऊचची चेन लावून, परत पेटीत ठेवतो. चार वर्षं. बाथरूममध्ये हिनं माझ्यासाठी एक फळी लावून घेतली आहे, सुतार बोलावून. तिच्यावर पोरगा केसांचं जेल ठेवतो.

मग काय म्हणेल ती? ज्या माणसाचं दाढीचं सामान पेटीत असतं तो सुट्टीवरच आलेला असतो.

हसू आलं खरं. एकटाच हसलो, फरशीवर बसून.

मग हिशोब मांडला. आमचा जुना नाद. वार्षिक सुट्टी ६० दिवस, कॅज्युअल ३०, म्हणजे वर्षाचे ९०. लग्नानंतरची नोकरी जवळपास १८ वर्षं. कागदावर १६२० दिवस. पण कागदावरची सुट्टी आणि पदरात पडलेली सुट्टी यांत फरक असतो. कधी एक्सरसाइज, कधी कोर्स, कधी साहेब म्हणणार दिवाळीनंतर जा. धरू १४००. क्वार्टरची अडीच वर्षं धरत नाही, ते घर सरकारचं होतं. आता पेन्शनचे दिवस: ३१ जानेवारी २०२२ पासून आजपर्यंत १४४४.

म्हणजे सुट्टीवरचा नवरा आणि घरचा नवरा यांची बरोबरी होऊन फक्त ४४ दिवस झाले आहेत. डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिच्या खात्यात सुट्टीवालाच जास्त होता. मग जीभ कशी वळणार? तिला अजून निदान वर्षभर तरी द्यायला हवं. हा हिशोब तिला दाखवावा असं क्षणभर वाटलं. दाखवणार नाही. "१४४४ दिवस मोजून ठेवले, अन् दळण आणायचं लक्षात नाही," म्हणेल.

मघाशी, जेवणं झाल्यावर, मीच विषय काढला. तिरका.

"हळदीकुंकू केव्हा ठेवते?"

"पाहू ना."

"शनिवारी ठेव. मी कामठीला जाईन, सुभेदार साहेबांकडे. बरेच दिवस झाले बोलावून राहिले."

ही भांडी आवरता आवरता थांबली. बघत राहिली माझ्याकडे. सकाळचं आठवलं की काय, कळलं नाही. चेहऱ्यावरून कळत नाही हिच्या, फोनवर तर कधीच कळलं नाही. १८ वर्षं 'सगळं ठीक आहे' एवढंच ऐकलं मी फोनवर. पोराला डेंग्यू झाला होता तेव्हाही सगळं ठीक होतं.

"गाडी घेऊन जा," म्हणाली. "अन् गळ्याला मफलर बांधा. मांजा आठवडाभर लटकते झाडांवर."

"बरं."

"किती वाजता याल?"

"तुझ्या बाया गेल्या की."

"आठपर्यंत या. जेवायला थांबतो आम्ही."

म्हणजे शनिवारी ४ ते ८ आउटपास मंजूर. रिक्रूट असताना रविवारी मिळायचा तेवढाच. परतायला उशीर झाला तर गेटवर काय व्हायचं ते आठवतं, इथे काय होईल ते बघू.

त्याआधी शुक्रवारी कॅन्टीनला जायचं आहे. यादी तिनं लगेच करून दिली, शिलाईच्या बिलाच्या पाठीमागे. चहापत्ती, खोबरेल तेल, पोराचं जेल (ते नाही आणणार), वॉशिंग पावडर, आणि शेवटी वाणासाठी साबण, नग ३०. साळकायामाळकाया सगळ्यांना फौजी साबण लुटणार आहे. एका कार्डावर ३० देतात की नाही, सकाळी फोन करून विचारावं लागेल.