आमची वाटचाल: स्टार्टर-डायनॅमोपासून झेनॉनच्या फोकसपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं वर्कशॉप स्टार्टर आणि डायनॅमोच्या कामावर उभं राहिलं. हेडलाईटचं काम गिऱ्हाइकांनी आणलं. गळीत हंगामात कागल, शिरोळ, करवीरच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. कित्येकांना मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. पावसाळ्यात आंबोली आणि गगनबावड्याला धुकं. त्यामुळे ‘डिप्परला काही दिसत नाही, झेनॉन (वायूत ठिणगी पेटवून चालणारा प्रखर दिवा) बसवून द्या’ ही मागणी इथे हौसेपेक्षा गरजेपोटी येते.

अशी गाडी आली की आम्ही आधी मल्टिमीटर काढतो. इंजिन आणि लाईट चालू ठेवून बॅटरीवर आणि मग बल्बच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजायचं. बॅटरीवर १३.८ आणि सॉकेटवर १२.३ आलं, तर जवळपास एक तृतीयांश उजेड वायरिंगनेच खाल्लेला असतो. हॅलोजनचा, म्हणजे नेहमीच्या फिलामेंटच्या बल्बचा, उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. कारणं नेहमीचीच: बारीक वायर, स्विचमधून जाणारा सगळा करंट, गंजलेली बॉडी अर्थ (गाडीच्या पत्र्यातून जाणारी निगेटिव्ह जोडणी). उपाय दोन रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच. मूळ सॉकेटमधून रिलेच्या ८५-८६ नंबरच्या पिनांना फक्त सिग्नल घ्यायचा, बॅटरीतून प्रत्येक रिलेला स्वतंत्र २० अँपिअरचा फ्यूज घालून ३० नंबरला पुरवठा, ८७ वरून बल्बला २.५ चौरस मिमीची वायर, आणि अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, नाहीतर मधली वायर घासून शॉर्ट झाली तर तिला संरक्षणच नाही. मूळ ६०/५५ वॅटच्या बल्बवरच पुष्कळ लोकांचं समाधान इथे होतं, आणि आम्हाला ते मनापासून आवडतं.

तरीही लागलाच तर झेनॉन. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमधून तो पहिल्यांदा गाड्यांत आला. त्यात फिलामेंट नाही. बॅलास्ट (बल्बला नेमका पुरवठा देणारा डबा) आणि इग्नायटर २० हजार व्होल्टच्या वर झटका देऊन आर्क, म्हणजे सलग ठिणगी, पेटवतात, मग डी२एस जातीचा झेनॉन बल्ब सुमारे ८५ व्होल्टवर चालतो. ३५ वॅटमध्ये ३२०० ल्युमेन (उजेडाचं माप). एच४ चा, म्हणजे नेहमीच्या ६०/५५ वॅटच्या हॅलोजन बल्बचा, डिप्पर साधारण १००० वर थांबतो. एवढा उजेड नीट आवरला नाही, तर तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणूनच युरोपात २००० ल्युमेनच्या वरच्या डिप्परला आपोआप लेव्हल होणारी यंत्रणा आणि हेडलाईट वॉशर सक्तीचे केले गेले.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये झेनॉन बल्ब आम्ही बसवत नाही. एच४ च्या डिप्पर फिलामेंटखाली पत्र्याची वाटी असते आणि त्या फिलामेंटची जागा धरूनच रिफ्लेक्टरचा आकार ठरलेला असतो. आर्कचा आकार वेगळा, तेजाची वाटणी वेगळी, त्यामुळे कट-ऑफ, म्हणजे उजेड जिथे वर संपतो ती रेघ, पुसट होतो. गाडीपुढचा रस्ता लख्ख दिसतो म्हणून मालक खूश होतो. पण त्या लख्ख पट्ट्यामुळे लांबचं उलट कमी दिसतं आणि समोरून येणारा आंधळा होतो.

आम्ही करतो ते बाय-झेनॉन प्रोजेक्टरचं काम, म्हणजे एकाच झेनॉन बल्बवर अप्पर-डिप्पर दोन्ही देणारा भिंगाचा दिवा. ब्युटिलने (तापवल्यावर मऊ होणाऱ्या रबरी गोंदाने) चिकटवलेला हेडलाईट ओव्हनमध्ये साधारण १०० अंशांपर्यंत तापवून सावकाश उघडतो. कायमच्या गोंदाने बंद असलेला उघडत नाही, काच तुटते. प्रोजेक्टर डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचाच हवा, म्हणजे कट-ऑफची पायरी डावीकडे वर चढणारा. जपानी माल चालतो. जर्मन किंवा अमेरिकन मालाची पायरी उजवीकडे चढते आणि थेट समोरच्या ड्रायव्हरवर जाते. पक्का करण्याआधी भिंतीवर कट-ऑफ आडवा आला का ते बघायचं. नंतर नवं ब्युटिल. हवेची भोकं मात्र बुजवायची नाहीत, कोल्हापूरच्या पावसात आत वाफ धरते. बॅलास्ट पाणी न पोचणाऱ्या जागी, कनेक्टरचं तोंड खाली. बल्ब ४३०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप). ८००० चा निळा बल्ब कमी उजेड देतो. बल्बच्या काचेला बोट लागलं तर स्पिरिटने पुसायचं.

फोकस सेट करताना टायरची हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस, लेव्हलरचं (दिवा वर-खाली करणारं) बटण शून्यावर. सपाट जागेवर १० मीटरच्या भिंतीवर दिव्याच्या मध्याच्या उंचीची खूण करून कट-ऑफ तिच्या १० सेंटीमीटर खाली ठेवतो.

गाडीतल्या बदलांवर मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची बंधनं आहेत, आणि वॉरंटीतल्या गाडीचं वायरिंग तोडलं तर वॉरंटीचा प्रश्न येतो. हे काम धरण्याआधीच सांगतो.

तक्रारी ठरलेल्या. लाईट फडफडत असेल, तर बऱ्याचदा गाडी हेडलाईटला तुटक-तुटक पुरवठा देते. बॅलास्टला बॅटरीतून रिलेने पुरवठा द्यायचा आणि रिलेच्या सिग्नलला तो सलग ठेवणारा कपॅसिटर लावायचा. एकच बाजू पेटत नसेल, तर लाईट बंद करून, प्लग काढून, थोडं थांबून डावा-उजवा बल्ब अदलाबदल करा: दोष बल्बबरोबर गेला तर बल्ब खराब, जागेवरच राहिला तर बॅलास्ट किंवा त्याचा पुरवठा. रंग गुलाबी-जांभळा दिसू लागला की बल्ब संपत आला. तेव्हा दोन्ही एकदम बदला, नाहीतर दोन बाजूंचा रंग आणि उजेड जुळत नाही.