भुसावळ ते बचेली : बैलाडिलाच्या पायथ्याशी बिऱ्हाड नेताना

माझ्या धाकट्या भावाला गेल्या हिवाळ्यात छत्तीसगडमधील दंतेवाडा जिल्ह्यात, बैलाडिलाच्या लोहखनिज खाणींत यंत्रांच्या देखभालीचे काम करणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत फिटरची नोकरी लागली, आणि भुसावळचे चार खोल्यांचे भरलेले घर तेथे हलवण्याची जबाबदारी थोरला म्हणून माझ्याकडे आली. भुसावळ, वरणगाव, दीपनगर या भागातील आयटीआय आणि डिप्लोमा झालेली अनेक मुले अशा दूरच्या खाणींत, वीज केंद्रांत आणि पोलाद कारखान्यांत जातात. एकटा मुलगा पिशवी घेऊन निघतो तेव्हा काही विशेष लागत नाही, पण बायको, मूल आणि संसार सोबत न्यायचा म्हटले की कोणाला विचारावे हेच कळत नाही. आम्हालाही ते कळत नव्हते, म्हणून आमच्या दोन्ही फेऱ्यांचा वृत्तांत येथे तपशिलाने लिहीत आहे.

बैलाडिला ही दक्षिण बस्तरमधील उंच डोंगररांग आहे. तिचा माथा बैलाच्या वशिंडासारखा दिसतो म्हणून हे नाव पडले, आणि त्या माथ्याची उंची बाराशे मीटरच्या वर जाते. पायथ्याशी बचेली आणि किरंदुल ही दोन गावे साधारण १२ किलोमीटर अंतरावर आहेत. किरंदुलच्या बाजूने १९६८ मध्ये खनिज निघू लागले, बचेलीची खाण त्यानंतर १९७७ मध्ये सुरू झाली. भुसावळहून रस्त्याने हे अंतर सुमारे ११०० किलोमीटर भरते. त्यातील हजार किलोमीटर कोणताही ट्रान्सपोर्टवाला डोळे मिटून कबूल करतो. खरा प्रश्न दंतेवाड्याच्या अलीकडचे गीदम गाव ओलांडल्यावरच्या शेवटच्या सुमारे ४० किलोमीटरचा आणि त्यापुढे घराच्या जिन्याचा असतो. त्यामुळे माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की बिऱ्हाड हलवण्याची आखणी भुसावळच्या दारापासून पुढे न करता तिकडच्या दारापासून मागे करावी.

आम्ही फेब्रुवारीत दोघे भाऊ फक्त पाहणीसाठी गेलो. भुसावळहून हावड्याच्या दिशेने जाणाऱ्या गाडीने रायपूर, तेथून भाटागावच्या बसस्थानकावरून रात्रीची खासगी बस, आणि सकाळी बचेली, असा तो प्रवास झाला. नातेवाइकांपैकी काहींनी या फेरीला उधळपट्टी म्हटले. परंतु त्या दोन दिवसांत आम्ही जे पाहिले आणि मोजले, त्यामुळे फेरीच्या खर्चाहून कितीतरी अधिक पैसे वाचले. आम्ही सोबत मोजपट्टी नेली होती. भाड्याने ठरवलेले घर पहिल्या मजल्यावर होते. जिन्याची रुंदी, वळणावरची जागा, दरवाजाची चौकट, स्वयंपाकघरातील ओट्याची लांबी, विजेच्या प्लगच्या जागा आणि फ्रिज ठेवता येईल असा कोपरा, हे सर्व मी वहीत उतरवून घेतले. परतल्यावर ती वही उघडून घरातील एकेक वस्तू मोजली, तेव्हा आमचा लाकडी सोफा आणि आजोबांच्या काळचा सागवानी पलंग त्या जिन्याच्या वळणावरून वर जाणारच नाहीत हे बसल्या जागी कळले. ते तेथे ट्रकमधून उतरवल्यावर कळले असते तर त्या दोन वस्तू कोठे ठेवाव्यात हा प्रश्न भर रस्त्यात उभा राहिला असता.

घर निवडताना आम्ही उंचावरची गल्ली पाहिली. डोंगरावर पाऊस जोराचा पडतो आणि खाणीकडून येणारे पाणी आपल्याबरोबर लाल गाळ आणते. जुलै २०२४ मध्ये किरंदुलच्या सखल वस्त्यांत असेच पाणी आणि गाळ शिरून घरांचे मोठे नुकसान झाले होते. घरमालकाला भाडे विचारण्याआधी पावसाळ्यात पाणी कोणत्या बाजूने वाहते ते विचारावे, आणि तेच शेजारच्या दुकानदारालाही विचारावे.

सामानाच्या निवडीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खान्देशातील घर आणि त्या डोंगरातील घर यांच्या गरजा वेगळ्या आहेत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे डेझर्ट कूलर ही घरातील सर्वांत मोठी आणि सर्वांत जपलेली वस्तू असते. बचेलीला उन्हाळा त्या मानाने सौम्य आणि हवा दमट असते. ट्रकमध्ये कूलरने अडवलेली जागा वाया जाते, म्हणून तो येथेच ठेवला. उलट ज्या गोष्टी आपल्याकडे कोणी मोलाच्या मानत नाही त्या तेथे लागतात. घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे, गाद्यांसाठी जाड प्लास्टिकच्या खोळी, मच्छरदाण्या, ताडपत्री, दोन-तीन चांगल्या छत्र्या आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवता येतील अशा लाकडी पाट्या. लोखंडी कपाटाच्या पायांना आम्ही निघण्यापूर्वीच रंगाचा हात दिला आणि खाली रबरी बुचे बसवली. खनिजाची लाल धूळ पांढऱ्या कपड्यांवर बसली की सहजासहजी निघत नाही, तेव्हा फिकट पडदे आणि पांढऱ्या चादरी नेऊ नयेत.

धान्याच्या बाबतीत भावजयीचा अंदाज माझ्यापेक्षा अचूक ठरला. तो भाग भाताचा आहे. तांदूळ हवा तेवढा मिळतो, आठवडी बाजारात मडिया म्हणजे आपली नाचणीही मिळते, पण आपली दादर ज्वारी आणि कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ तेथे मिळण्याची आशा धरू नये. मी वर्षभराची दादर भरून द्यायला निघालो होतो. तिने सांगितले, ‘‘दादा, पावसाळ्यात तिला सोंडे लागतील, चार महिन्यांचीच द्या, बाकीची दिवाळीला येऊ तेव्हा नेऊ.’’ तसेच केले. काळा मसाला, बिबडे आणि उडदाचे पापड मात्र वर्षाचे दिले. आईने मांडे, म्हणजे खान्देशी मोठ्या पुरणपोळ्या, भाजण्याचे खापर पाठवण्याचा हट्ट धरला. मातीचे खापर अकराशे किलोमीटर न्यायचे म्हणजे जोखीम होती. ते आम्ही आतून-बाहेरून जुन्या गोधड्यांत गुंडाळून कपडे धुण्याच्या मोठ्या टबात बसवले, टब ट्रकच्या मागच्या चाकांवर न ठेवता पुढे केबिनच्या बाजूला ठेवला आणि त्यावर काहीही रचले नाही.

कागदपत्रांसाठी किमान दीड महिना हाताशी ठेवावा. मोटारसायकल बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहणार असेल तर तेथे तिची नव्याने नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी जळगावच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून नमुना २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचे पत्र लागते, आणि वेळ तेथेच जातो. गॅसचे सिलिंडर ट्रकमध्ये मुळीच घालू नये. ते रेग्युलेटरसह एजन्सीत जमा करून व्हाउचर घ्यावे म्हणजे तिकडे त्याच्यावर जोडणी मिळते. पुतणीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर राज्य बदलत असल्यामुळे शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेतली. बचेलीला केंद्रीय विद्यालय आहे, परंतु तेथील प्रवेशाचे वेळापत्रक आणि प्राधान्यक्रम आधी पाहूनच निघण्याची तारीख ठरवावी. वापरातील घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना, लागत नाही, ती सूट नियमांतच दिलेली आहे; तरीही सर्व नगांची क्रमांकवार यादी, स्वतःची सही, नेमणूकपत्राची प्रत आणि दोन्ही पत्ते असलेला कागद तीन प्रतींत सोबत ठेवावा. त्या कागदाचा उपयोग आम्हाला अपेक्षेपेक्षा जास्त झाला.

निघण्यासाठी एप्रिलचा दुसरा आठवडा निवडला, कारण शाळेची परीक्षा संपलेली असते आणि पाऊस अजून दोन महिने दूर असतो. गाडी सतरा फुटी आयशर ठरवली. त्याहून मोठी गाडी बचेलीतील आमच्या गल्लीत वळली नसती, हेही फेब्रुवारीतील वहीतच लिहिलेले होते. मोटारसायकलची टाकी रिकामी करून ती शेवटी, दाराशी बांधली.

येथे आमच्याकडून एक मोठी चूक झाली. आम्ही गाडी पूर्ण भाड्याने, थेट बचेलीपर्यंत ठरवली होती, पण ‘माल वाटेत दुसऱ्या गाडीत पालटायचा नाही’ हे बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या माल-पावतीवर, लिहून घेतले नव्हते. नागपूरला पोहोचल्यावर ट्रान्सपोर्टवाल्याने आपली गाडी परत बोलावली आणि सामान दुसऱ्या आयशरमध्ये पालटले. भाऊ सोबत होता म्हणून नग मोजून घेता आले, तरी घाईत एका कपाटाचा आरसा फुटला आणि मोटारसायकल दाराऐवजी मध्ये दाबली गेली. शिवाय आमच्या सर्व कागदांवर जुन्या गाडीचा क्रमांक राहिला. तोंडी कबुलीवर कोणीही विसंबू नये. गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव, पोहोचण्याचा दिवस आणि गाडी न बदलण्याची अट बिल्टीवर लेखी घ्यावी, आणि भाड्याचा निदान तिसरा हिस्सा माल उतरल्यानंतर देण्याचे ठरवावे.

मी, भावजय आणि पुतणी रेल्वेने रायपूरला गेलो, भाऊ ट्रकबरोबर राहिला. ट्रकचा मार्ग राष्ट्रीय महामार्ग ५३ ने मलकापूर, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा, देवरी, राजनांदगाव, दुर्ग आणि रायपूर असा होता. हा टप्पा सरळ आहे, त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. रायपूरहून महामार्ग ३० ने धमतरी, कांकेर, मग केशकालचा घाट, कोंडागाव आणि जगदलपूर. केशकाल घाटाची वळणे थोडीच असली तरी अवघड आहेत, तेथे एखादी अवजड गाडी बंद पडली की तासन्‌तास कोंडी होते, आणि दुरुस्तीच्या काळात मोठ्या गाड्या वळवल्याही जातात. घाट दिवसा आणि शक्यतो सकाळी ओलांडावा, आणि निघण्याआधी कांकेरच्या एखाद्या धाब्यावर त्या दिवसाची स्थिती विचारावी.

तिसऱ्या दिवसाचा मुक्काम जगदलपूरला केला. चालक रात्रीच पुढे जायला तयार होता, पण आम्ही नकार दिला. जगदलपूर ते बचेली हे साधारण ११५ किलोमीटर अंतर आहे. ते अनोळखी माणसाने, संसार भरलेल्या गाडीने, अंधारात कापू नये. त्या भागात अनेक वर्षे माओवादी हिंसाचार झालेला आहे, आणि माओवादी पाळत आलेल्या सप्ताहांत, म्हणजे २८ जुलै ते ३ ऑगस्ट तसेच २ डिसेंबरपासूनचा आठवडा या काळात, किरंदुलची प्रवासी रेल्वेगाडी दंतेवाड्यापर्यंतच चालवण्याचे प्रकार वारंवार झालेले आहेत. बिऱ्हाडाची तारीख या दोन आठवड्यांत येऊ देऊ नये, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी बंदची घोषणा आहे का हे तेथील ओळखीच्या माणसाकडून कळून घ्यावे.

सकाळी सहाला जगदलपूर सोडले. आम्ही तिघे भाड्याच्या गाडीने ट्रकच्या मागे होतो. मोहाची फुले वेचण्याचे ते दिवस असल्यामुळे रस्त्याच्या कडेला पहाटेपासून बायका आणि मुले टोपल्या घेऊन बसलेली दिसत होती. अशा वेळी गाडी हळूच हाकली पाहिजे हे चालकाला सांगावे लागले. गीदमच्या पुढे एका तपासणी नाक्यावर कागद पाहिले गेले आणि गाडीचा क्रमांक जुळेना. जवानांचे वागणे सभ्य होते, प्रश्न मात्र रास्त होता. नगांची यादी, नेमणूकपत्र आणि भाऊ ज्याच्या हाताखाली काम करणार होता त्या पर्यवेक्षकाचा फोन, या तिन्हींमुळे पावणेदोन तासांनी आमची सुटका झाली. दंतेवाड्याला शंखिनी आणि डंकिनी नद्यांच्या संगमावरील दंतेश्वरीचे दर्शन घेण्याचा बेत त्या खोळंब्यात राहून गेला.

बचेलीत दुपारी बाराला पोहोचलो. हमाल फेब्रुवारीतच घरमालकाच्या ओळखीने ठरवून ठेवले होते, आणि मजुरी नगावर न ठरवता पहिल्या मजल्यापर्यंतची ठोक ठरवली होती. पहिल्या क्रमांकाच्या पेटीत मच्छरदाण्या, दिव्यांचे बल्ब, पान्हा, दोरी, चार ताटे, विजेची शेगडी आणि औषधे होती. ती ट्रकमध्ये न देता आम्ही आमच्याच गाडीत ठेवली होती, त्यामुळे पहिल्या रात्री काहीही शोधावे लागले नाही. हिवतापाचा त्रास या भागात जुना आहे. पहिल्या रात्रीपासून मच्छरदाणी लावावी आणि ताप आल्यास त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. मोठ्या आजारासाठी जगदलपूरजवळ डिमरापालला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथपर्यंतचा रस्त्याचा वेळ लक्षात घेऊन नेहमीची औषधे तीन महिन्यांची सोबत ठेवावीत.

भाषेची भीती भावजयीला वाटत होती. गावात हिंदी चालते, आणि बाजारात कानावर पडणाऱ्या हलबी या बस्तरच्या बोलीत मराठीशी जुळणारे इतके शब्द आहेत की तिसऱ्या दिवशी तिने भाजीवालीशी भाव ठरवताना निम्मे बोलणे आमच्याच बोलीत केले आणि ते दोघींना समजले. डोंगरावरची खाण आणि तेथील आकाशनगर ही वसाहत पाहण्याची पुतणीला घाई आहे, परंतु तेथे पासाशिवाय जाता येत नाही. दरवर्षी १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेच्या दिवशी तो भाग सर्वांसाठी खुला करतात, तेव्हा तिला नेण्याचे ठरले आहे.

मी पाचव्या दिवशी परत निघालो. आदल्या संध्याकाळी खापर गोधड्यांतून काढले तेव्हा त्याच्या काठाला बारीक तडा दिसला, पण चुलीवर ठेवल्यावर तो वाढला नाही. शेगडीवर खापर बसत नाही, म्हणून अंगणात तीन विटा मांडून भावजयीने त्यावर मांडे केले, आणि घरमालकीणबाई ते कसे पसरवतात हे पाहायला शेवटपर्यंत तेथेच उभ्या होत्या.