नवशिक्याकडून किती बांधिलकी मागावी?

क्लबच्या आजच्या बैठकीत पुन्हा तोच विषय निघाला: केव्हिंगकडे, म्हणजे गुहांत उतरून त्या धुंडाळण्याच्या छंदाकडे, नवे लोक वळत नाहीत, आणि वळले तरी टिकत नाहीत. जुन्या सदस्यांचे म्हणणे असे, की हल्ली एकदा गुहेत उतरून छायाचित्रे काढली की लोकांचे समाधान होते. तरुण सदस्यांची तक्रार उलट होती. पहिल्याच दिवशी चिखलाने माखून बाहेर आलेल्या माणसाला आपण दोराचा वर्षभराचा सराव, सर्व्हेची (गुहेची मोजणी करून नकाशा काढण्याची) कामे आणि बचावपथकाच्या पाळ्या ऐकवू लागलो, तर तो दुसऱ्यांदा कशाला येईल, असे त्यांनी विचारले. माझ्या मते दोन्ही बाजू दोन वेगळ्या बांधिलक्यांबद्दल बोलत होत्या. एक गुहेच्या आत लागते आणि दुसरी गुहेबाहेर. त्या एकत्र केल्यामुळेच हा वाद दर वर्षी आहे तिथेच राहतो, म्हणून आज तो सविस्तर लिहून ठेवते आहे.

गुहेच्या आतली बांधिलकी पहिल्या दिवसापासून पूर्ण हवी. त्यात सवलत नाही. डोंगर चढताना दमलेला माणूस अर्ध्यावरून परत फिरला, तर त्याची परतीची वाट उताराची असते. दोरावरून खोल गुहेत उतरणाऱ्याचे गणित नेमके उलटे असते: जाताना वजन खाली ओढते आणि श्रम फारसे जाणवत नाहीत, पण तेवढीच उंची नंतर असेंडरच्या (दोरावर वर सरकणाऱ्या पण खाली न घसरणाऱ्या पकडीच्या) आधाराने, हातापायांच्या बळावर, ओल्या कपड्यांनिशी परत चढावी लागते. आतली हवा बहुधा त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरी तापमानाइतकी असते, त्यामुळे थंड प्रदेशात भिजून थांबलेल्या माणसाचे अंग उन्हाळ्यातही गारठू लागते. म्हणूनच आपण दमलो आहोत हे वेळेवर सांगणे, दिव्यांची तपासणी स्वतः करणे आणि प्रमुखाने परत फिरायचे ठरवल्यावर हुज्जत न घालणे एवढे नवशिक्याकडूनही अपेक्षित असतेच. जर्मनीतील रीझेंडिंग गुहेत जून २०१४ मध्ये सुमारे १,००० मीटर खोलीवर कोसळलेल्या दगडाने एक अनुभवी संशोधक जखमी झाला, तेव्हा त्याला बाहेर काढायला अकरा दिवस आणि अनेक देशांतील सातशेहून अधिक माणसे लागली. नवशिक्याला अर्थातच कोणी तेवढ्या खोलीवर नेत नाही. पण अगदी सोप्या गुहेतही मोडलेला पाय स्ट्रेचरवरून बाहेर काढायचा, तर सहलीला आलेल्या सगळ्यांचे बळ मिळून पुरत नाही.

ही बांधिलकी मात्र काही तासांपुरतीच असते. सहलीला आलेल्या माणसाने उरलेले आयुष्य गुहांना वाहावे, ही अपेक्षा आपण उगीच त्या तासांना जोडतो. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या गेपिंग गिल या सुमारे ९८ मीटर खोल विवरात मार्तेल हा फ्रेंच संशोधक १८९५ मध्ये दोराच्या शिडीने उतरला होता. आज तेथील क्लब वर्षातून दोनदा विवराच्या तोंडावर विंच (दोर गुंडाळून वजन वर-खाली नेणारे यंत्र) बसवतात, आणि ज्यांनी कधी हार्नेस (दोराला अडकवायचा अंगावरचा पट्टा) पाहिलेलाही नाही असे लोक खुर्चीत बसून खालच्या विशाल दालनात उतरतात. त्यांतले बहुतेक पुन्हा केव्हिंग करणार नाहीत, आणि माझ्या लेखी त्यात काहीच वाया गेलेले नाही. गुहा ज्याच्या जमिनीखाली आहे तो मालक, तिच्यावर खाणीचा परवाना मागणारा आणि तो परवाना देणारा अधिकारी हे सगळे गुहेबाहेरचेच लोक असतात. त्यांच्यात निदान काहींनी गुहा आतून पाहिलेली असावी.

टिकणारे कोण, हे पहिल्या सहलीत ओळखू येत नाही, असे मी पूर्वी मानत असे. आता तसे वाटत नाही. अंगाने दणकट माणसे बरेचदा लवकर कंटाळतात. जो परतीच्या वाटेवर थांबून ‘ही डावीकडची फट कुठे जाते?’ असे विचारतो, तो पुन्हा येण्याची शक्यता अधिक. त्याला दुसऱ्याच सहलीत सर्व्हेला न्यावे आणि अंतर, दिशा व उतार यांचे आकडे वाचायला द्यावेत. अमेरिकेतील फ्लिंट रिज आणि मॅमथ या गुहा आतून जोडलेल्या असल्याचे सप्टेंबर १९७२ मध्ये सिद्ध झाले, त्यामागे वर्षानुवर्षे धीराने केलेली अशीच मोजणी होती. त्या जोडप्रणालीची ज्ञात लांबी आज ६८० किलोमीटरच्या वर आहे. आपल्या हाताने घेतलेले आकडे नकाशात उतरलेले पाहिल्यावर माणूस आपणहून येऊ लागतो.

केव्हिंगची जाहिरातच नको, असे म्हणणारेही क्लबमध्ये आहेत; त्यांचे म्हणणे मला अर्धे पटते. गुहेच्या छतावरून लोंबणारा अधोमुखी लवणस्तंभ वर्षाला जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाढतो, आणि एका हेल्मेटच्या धक्क्याने तुटतो. उत्तर अमेरिकेत २००६ पासून एका बुरशीने लाखो वटवाघळे मेली आणि ती बुरशी कपड्यांवरून व साहित्यावरूनही पसरू शकते, म्हणून धुणे आणि निर्जंतुक करणे हा तिथे केव्हिंगचाच भाग झाला आहे. तेव्हा नाजूक दालनाचे चित्र आणि मुखाचा ठावठिकाणा यांनी गर्दी जमवू नये; पण चिखल, अरुंद वाट आणि नंतरची धुणी हे सगळे दाखवून जो यायला तयार होईल, त्याला अडवण्याचे कारण मला दिसत नाही.

बैठकीत कोणीतरी थायलंडच्या थाम लुआंग गुहेचा दाखला दिला. २०१८ मध्ये तिथे अडकलेली बारा मुले व त्यांचे प्रशिक्षक ज्यांना सापडले, ते दोघे ब्रिटिश पाणबुडे गुहेतील डायव्हिंग छंद म्हणून करणारे होते. दाखला खरा आहे, पण तो कडक अटींच्या बाजूने देणे मला विचित्र वाटले. त्या पातळीची माणसे कितीतरी वर्षांत घडतात, आणि ती नेमकी कोणातून घडतील हे कोणत्याही प्रवेशअर्जावरून कळत नाही.

शेवटी पुढच्या परिचय-सहलीपुरते एवढे ठरले, की दर तीन नवशिक्यांमागे एक अनुभवी सदस्य असावा, गुहा पावसाच्या पाण्याने न भरणारी निवडावी आणि वर्गणीचा विषय त्या दिवशी काढू नये. दोर धुण्याचे काम जुन्यांबरोबर नवशिक्यांनीही करावे, हा माझा प्रस्ताव थोड्या कुरकुरीनंतर मान्य झाला. बचावपथकात कधी घ्यायचे, हा प्रश्न पुढच्या बैठकीवर गेला आहे.