चाकाजवळ कुणी वाकलंय का

गेल्या उन्हाळ्यात आई-अण्णा इकडे सॅन फ्रान्सिस्कोला आले होते तेव्हा अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, मला ती बिनड्रायव्हरची टॅक्सी दाखव, बाकी पूल-बिल नंतर बघू. अण्णा ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, सातारा डेपो, त्यातली कितीतरी वर्षं सातारा-मेढा-महाबळेश्वर, म्हणजे रोजचा केळघर घाट. त्यामुळे त्यांना ही गाडी बघायचीच होती, आणि मलाही त्यांचा चेहरा बघायचा होता.

आम्ही राहतो सनसेटमध्ये, आयर्विंग स्ट्रीटजवळ. फोनवरून वेमो, म्हणजे त्या बिनड्रायव्हरच्या टॅक्सीच्या कंपनीची गाडी, बोलावली, पांढरी जॅग्वार, टपावर तो गोल डबा आणि त्यावर माझ्या नावाची अक्षरं, आली आणि शांतपणे थांबली. अण्णा पुढे बसले. आता इकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे पुढची पॅसेंजरची सीट उजवीकडे येते, म्हणजे आयुष्यभर ज्या बाजूला बसून त्यांनी गाडी चालवली त्याच बाजूला अण्णा बसलेले आणि समोर स्टिअरिंग नाही, स्टिअरिंग पलीकडच्या रिकाम्या सीटसमोर आपलं आपलं फिरतंय. पहिल्या दोन सिग्नलला त्यांचा उजवा पाय खाली मॅटवर दाबला गेला, मी मागून बघत होते. मग हळूहळू पाय सैल झाला. एका चौकात एक चिनी आजी भाजीची ढकलगाडी घेऊन निवांत रस्ता ओलांडत होत्या, गाडी थांबून राहिली, ना हॉर्न ना घाई, आजी पलीकडच्या फुटपाथवर चढल्या आणि मगच निघाली. अण्णा म्हणाले, "हात चांगलाय हिचा." ज्यांना एसटीतली भाषा माहिती आहे त्यांना कळेल की अण्णांनी हे फार कमी लोकांना म्हटलेलं आहे.

उतरायच्या आधी त्यांनी एकच विचारलं. "कुणी हात केला तर थांबते का ही?" एसटीची ती हात दाखवा गाडी थांबवा योजना आठवत असेल तुम्हाला. मी म्हटलं नाही अण्णा, ॲपवरूनच बोलवावी लागते. ते काही बोलले नाहीत. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला आणि त्यानंतर जे जे झालं त्यात तो परत परत वर आला, म्हणून हे लिहितेय.

इकडे या गाड्यांवरून जे वाद चाललेत ते तिकडे बातम्यांत तुकड्यातुकड्यात येतात, म्हणून थोडं मागचं सांगते. १० ऑगस्ट २०२३ ला कॅलिफोर्नियाच्या पब्लिक युटिलिटीज कमिशनने वेमो आणि क्रूझ या दोन कंपन्यांना पूर्ण शहरात, २४ तास, पैसे घेऊन बिनड्रायव्हरच्या टॅक्स्या चालवायची परवानगी दिली. मत पडलं ३ विरुद्ध १. आता हे कमिशन राज्याचं, शहराचं नाही. शहराने, म्हणजे शहराच्या वाहतूक खात्याने आणि फायर ब्रिगेडने, थांबा म्हणून सांगितलं होतं. फायर चीफ जेनीन निकल्सन यांनी त्या वर्षातल्या घटना मोजून मांडल्या होत्या, मतदानापर्यंत ५५, कुठे बंबाच्या वाटेत गाडी थांबलेली, कुठे आग लागलेल्या जागी गाडी थेट घुसलेली. जानेवारीत तर क्रूझची एक गाडी आगीच्या पाइपांवर जाणार तेवढ्यात जवानांना तिची काच फोडून तिला थांबवावं लागलं होतं. हे सगळं ऐकूनही परवानगी दिली, आणि होय म्हणणाऱ्या तिघांपैकी एक जण कमिशनवर येण्याआधी क्रूझच्याच वकिलांपैकी होते. दुसऱ्याच दिवशी रात्री शहरातल्या नॉर्थ बीच भागात क्रूझच्या दहाएक गाड्या रस्त्यातच उभ्या राहिल्या आणि मागे सगळी कोंडी.

पण त्या सुनावणीत विरोधातलेच लोक होते असं समजू नका. सहा-सात तास लोक एकेक करून बोलत होते आणि त्यात दृष्टिहीन लोकही होते जे म्हणत होते आम्हाला ही गाडी हवी आहे. ते मला मनापासून पटतं, कारण माझ्या ऑफिसात एक मैत्रीण आहे, तिला दिसत नाही, बरोबर कायम तिचा कुत्रा असतो, रस्ता दाखवणारा, शिकवलेला. तिने टॅक्सी बोलावली की कित्येकदा ड्रायव्हर येतो, कुत्रा बघतो आणि राइड कॅन्सल करून निघून जातो. कायद्याने असं करता येत नाही पण करतात, आणि ती पावसात उभी. बिनड्रायव्हरची गाडी तिच्या कुत्र्याला नाही म्हणत नाही. ती मला म्हणाली की कुणाचे आभार न मानता घरी पोचणं म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलं. या वादात कुठल्याही बाजूने बोलताना तिचं हे वाक्य मी विसरणार नाही. व्हीलचेअरवाल्यांचं मात्र तसं नाही, या जॅग्वारला रॅम्पच नाही, चाकं असलेली खुर्ची तशीच्या तशी आत जात नाही, त्यामुळे त्यांच्यातले बरेच जण विरोधात बोलले आणि त्यांचंही बरोबर आहे.

बायकांचंही दोन्हीकडून आहे. रात्री अकरा वाजता अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचं नाही याचं केवढं ओझं उतरतं हे पुरुषांना सांगून कळणार नाही. पण २०२४ मध्ये इथेच एका बाईच्या गाडीपुढे पुरुष येऊन उभे राहिले, नंबर दे म्हणून, आणि गाडी माणूस समोर दिसला की थांबते, तशी ती थांबूनच राहिली. ड्रायव्हर असता तर त्याने रिव्हर्स टाकला असता, काच खाली करून दोन शिव्या तरी घातल्या असत्या.

आता ड्रायव्हर लोकांचं. मी एसटी ड्रायव्हरची मुलगी आहे, मला यात तटस्थ राहता येत नाही आणि राहायचंही नाही. या शहराने २०१० पासून टॅक्सीचं परमिट, ज्याला इकडे मेडॅलियन म्हणतात, अडीच लाख डॉलरला विकलं. शहराने स्वतः विकलं. घेणारे बहुतेक बाहेरून आलेले लोक, आपल्याकडचे पंजाबीही त्यात खूप, कर्ज काढून घेतलं, की म्हातारपणाची सोय होईल. दोन-तीन वर्षांत फोनवरच्या टॅक्स्या आल्या, त्यांना मेडॅलियन लागत नव्हतं, आणि त्या अडीच लाखांच्या कागदाला गिऱ्हाईक उरलं नाही. हप्ते मात्र चालू. त्यातले कितीतरी नाइलाजाने मग त्या ॲपचीच गाडी चालवायला लागले आणि आता त्यांच्या शेजारच्या लेनमधून रिकाम्या सीटची गाडी जाते. एकाच माणसाचं पोट एकाच शहरात दुसऱ्यांदा मारलं जातंय आणि दोन्ही वेळेला त्याला कुणी विचारलेलं नाही. नितीन गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितलं होतं की मी मंत्री असेपर्यंत भारतात ड्रायव्हरलेस गाड्या येऊ देणार नाही, ७०-८० लाख ड्रायव्हरांचा रोजगार जाईल. इकडच्या माझ्या बऱ्याच मित्रांनी तेव्हा त्यावर नाकं मुरडली, मागास विचार वगैरे. मला कायमची बंदी पटत नाही, माझ्या त्या मैत्रिणीमुळेच पटत नाही, पण निदान एका मंत्र्याने हिशोबात ड्रायव्हर धरला. इकडच्या परवानगीच्या चर्चेत ड्रायव्हर बोलून गेले, निर्णयात कुठेच दिसले नाहीत.

मग २ ऑक्टोबर २०२३. मार्केट स्ट्रीट आणि फिफ्थ स्ट्रीटच्या नाक्यावर एका बाईला आधी एका माणसाच्या गाडीने उडवलं, तो पळून गेला, आणि ती बाई शेजारून येणाऱ्या क्रूझच्या गाडीपुढे पडली. गाडीने ब्रेक मारला, पण आधी धडक बसलीच. आणि मग गाडीने स्वतःच ठरवलं की आता बाजूला घ्यायला हवं, आणि खाली माणूस असताना वीसेक फूट पुढे गेली. हे वाचताना मला पुढे वाचवेना. पण त्याहून वाईट नंतर आहे. डीएमव्हीने, म्हणजे आपल्याकडच्या आरटीओसारखं खातं, त्यांनी म्हटलं की कंपनीने आम्हाला सगळा व्हिडिओ दाखवलाच नाही, फरफटत नेल्याचा भाग कळला तो दुसऱ्या खात्याकडून. २४ ऑक्टोबरला परवाना थांबवला, महिन्याभरात कंपनीच्या प्रमुखांनी राजीनामा दिला आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये क्रूझची मालक जनरल मोटर्सने तो टॅक्सीचा धंदाच बंद केला.

अण्णांच्या गाडीने एकदा मेढ्याच्या पुढे एका सायकलवाल्याला घासलं होतं. माणूस वाचला, हात मोडला. मी तेव्हा सातवीत होते. अण्णा स्वतः त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेले, पोलिसात गेले, डेपोत चौकशी, सस्पेन्शन, आणि तीन महिने घरात बसून असताना दर रविवारी त्या माणसाच्या घरी जायचे. तिकडे त्यांना शिव्या पडायच्या, तरी जायचे. त्या घरच्या लोकांना जाब विचारायला समोर एक माणूस होता. मला या सगळ्या वादात हेच हवंय आणि हेच कुठे मिळत नाही. चूक प्रत्येकाची होते, माणसाची जास्तच होते, पण मग दारात कोण येणार?

वेमोचं रेकॉर्ड क्रूझपेक्षा खूप चांगलं आहे, ते मी नाकारत नाही. त्यांच्याच संशोधकांनी २०२५ मध्ये ५ कोटी ६७ लाख मैलांचा हिशोब मांडला, त्यात पादचाऱ्यांना इजा होणारे अपघात माणसांच्या तुलनेत ९२ टक्के कमी. हिशोब कंपनीचा आहे हे धरूनही हा फरक मोठा आहे. आणि या शहराने २०१४ मध्ये ठरवलं होतं की २०२४ पर्यंत रस्त्यावर एकही मृत्यू नको, ते काही झालं नाही, तेव्हा माणसं बरी चालवतात असं म्हणायची सोय नाही. भारतात तर २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांच्या वर माणसं गेली. अण्णांना हा आकडा सांगितला तर ते म्हणतात त्यातले किती झोपेत, किती दारूत, ते मला विचार. यंत्राला झोप येत नाही, पीत नाही, हे त्यांनाच सगळ्यात आधी पटलं.

पण मग २७ ऑक्टोबर २०२५ ला शहरातल्या मिशन भागात १६व्या स्ट्रीटवर एका दुकानातली मांजर वेमोखाली गेली. किटकॅट नाव तिचं, सगळ्या गल्लीची लाडकी. मी त्या शनिवारी मुद्दाम गेले होते. झाडाच्या बुंध्याशी लोकांनी मेणबत्त्या लावलेल्या, फुलं, फोटो, मुलांनी काढलेली चित्रं. कुणी म्हणेल एका मांजरीचं काय एवढं, मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग डिसेंबरात व्हिडिओ बाहेर आला. गाडी थांबलेली, मांजर गाडीखाली जाऊन बसलेली, आणि एक बाई गाडीशेजारी फुटपाथवर वाकून तिला बाहेर बोलावतेय. ती बाई तिथे असतानाच गाडी निघाली.

मी अण्णांना फोनवर हे सांगितलं. बराच वेळ लाइनवर आवाज नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "अगं चाकाजवळ कुणी वाकलं असेल तर गाडी हलवायची नाही. कंडक्टरने डबल बेल मारली तरी नाही. का वाकलाय ते खाली उतरून बघायचं. कधी पोराचा चेंडू असतो, कधी पोर असतं." ते ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं का, मी विचारलं. म्हणाले, "हे शिकवावं लागतं होय?"

गाडीला ती बाई दिसली नसेल असं मला वाटत नाही, एवढे कॅमेरे आहेत. दिसलीच असेल. वाकलेल्या माणसाचा अर्थ तिला लागला नाही. तो अर्थ पुढेमागे शिकवताही येईल, मला खात्री आहे शिकवतील, पण अशी किती वाकलेली माणसं अजून शिकवायची राहिली आहेत आणि ती शिकवणी आमच्या गल्ल्यांमध्ये चालणार असेल तर आम्हाला विचारायला नको का? त्याच २० डिसेंबरला विजेच्या सबस्टेशनला आग लागून शहरातल्या सव्वा लाखाच्या वर ग्राहकांचे लाइट गेले, सिग्नल बंद, तर या गाड्या चौकाचौकात थांबल्या, कारण अंधारलेला चौक पार करू का म्हणून त्या दूर बसलेल्या माणसांना विचारत होत्या आणि सगळ्यांनीच एकदम विचारल्यावर उत्तरं वेळेत येईनात. लाइट गेल्यावर गाडी कशी चालवायची हे तर साताऱ्यात कुणालाही विचारा.

आणि पावती फाडायची कुणाच्या नावावर हाही प्रश्न आहेच. सप्टेंबर २०२५ मध्ये इथून जवळच सॅन ब्रुनोत पोलिसांनी नको तिथे यू-टर्न मारणारी वेमो अडवली, आत कोणीच नाही, पावती देता येईना, कंपनीला फोन करून सोडून दिली. १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या कायद्याने पोलिसांना कंपनीच्या नावे नोटीस काढता येते. पण दंड नाही, नुसती नोटीस. माझ्या नावावर मात्र स्टॉप साइनला नीट न थांबल्याची पावती आहे, दंडासकट भरलेली.

मिशनच्या नगरसेविका जॅकी फील्डर यांनी किटकॅटनंतर ठराव आणला की या गाड्या चालू द्यायच्या की नाही हे त्या त्या काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, मतदारांना ठरवू द्या, राज्याने तसा अधिकार द्यावा. मला तो ठराव हवाय. मत घ्यायची वेळ आली तर मी कदाचित गाड्यांच्या बाजूनेच मत देईन, अटी घालून. व्हीलचेअरसाठी रॅम्प पाहिजे, मेडॅलियनवाल्यांची कर्जं फेडायला प्रत्येक फेरीमागे पैसे पाहिजेत, अपघात झाला की सगळा व्हिडिओ त्याच दिवशी शहराकडे, आणि दंड माणसाला लागतो तसाच, वर एक माणूस, नाव आणि चेहरा असलेला, ज्याला जखमी माणसाच्या घरी जावं लागेल. ही शेवटची अट कायद्यात कशी लिहायची मला कळत नाही, पण मी ती मांडणार आहे. नगरसेवकांच्या बोर्डाची मीटिंग मंगळवारी दुपारी सिटी हॉलला असते, नागरिकांना थोडा वेळ बोलता येतं. मी सुट्टी टाकली आहे. मैत्रीणही येतेय, तिला गाड्यांच्या बाजूने बोलायचंय, जाताना आम्ही दोघी आणि तिचा कुत्रा वेमोनेच जाणार आहोत. काल रात्री मुद्दे इंग्रजीत लिहून अण्णांना मराठीत वाचून दाखवले तर म्हणाले, ते चाकाजवळ वाकल्याचं सगळ्यात आधी सांग.