आज गेमच बंद ठेवला

आज सकाळच्या बॅचला ४ कोर्ट, १७ जण आणि लेव्हल पण १७ 😅 पिकलबॉल शिकवायला लागल्यापासून हीच कसरत, एकीकडे कालच पॅडल हातात घेतलेले काका, दुसरीकडे टेनिसमधून आलेली पोरगी जी प्रत्येक बॉल फोडायलाच बघते, आणि दोघांनाही एकाच तासात काहीतरी मिळालं पाहिजे.

मग आज गेमच बंद. सगळ्यांना किचन लाइनवर उभं केलं (नेटपासून ७ फूट, त्या पट्ट्यात म्हणजे किचनमध्ये उभं राहून व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आधीचा फटका, मारायची नाही, हे दर वेळी सांगावं लागतं!) आणि नुसते डिंक, म्हणजे नेटवरून हळूच समोरच्याच्या किचनमध्ये टाकलेले बॉल. नेट कडेला ३६ इंच पण मधोमध ३४च, त्यामुळे बॉल क्रॉस म्हणजे तिरका टाकला की मधल्या उतारावरून आरामात जातो, हे एकदा दाखवलं की नवख्यालाही जमतं. काकांनी मनगट अजिबात न हलवता, खांद्यातून ढकलत सलग २२ डिंक टाकले, समोर तीच टेनिसवाली, २३व्याला तिचा धीर सुटला आणि बॉल थेट नेटमध्ये. काका काही बोलले नाहीत, फक्त पॅडलला पॅडल टॅप करायला आपलं पुढे केलं.

जाताना म्हणते, सर उद्या पण मला काकांसमोरच लावा.

एक मात्र चुकलं माझं. जे दोघंतिघं खरंच चांगले खेळतात त्यांना थर्ड शॉट ड्रॉपसाठी (सर्व्हिस आणि रिटर्ननंतरचा तिसरा फटका, हळूच समोरच्या किचनमध्ये टाकायचा) जेमतेम १० मिनिटं मिळाली, तोंड पाडूनच गेले बिचारे. उद्या त्यांना वेगळं कोर्ट देतो, बघू.