आम्हाला तिथे थांबता येईल का?

दिव्यांग मुलांच्या आणि मोठ्या माणसांच्या उन्हाळी निवासी शिबिरांत देखभालीची व्यवस्था लावणं, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्यामुळे हा प्रश्न मला दर उन्हाळ्याच्या आधी विचारला जातो. औषधं, जेवण, झोप, सगळं बोलून होतं आणि उठता उठता आई किंवा बाबा आवाज खाली आणून म्हणतात, "आम्हाला तिथे थांबता येईल का? शेजारच्या खोलीत राहू. मध्ये येणार नाही." मुलगा सात वर्षांचा असो की सत्तेचाळीस वर्षांचा, प्रश्न तोच. मोठ्यांच्या बाबतीत कधी भाऊ विचारतो, कधी वहिनी.

माझं उत्तर: नका थांबू. पाठवायचं ठरलं, तर एकट्याला पाठवा. तेवढंच म्हणून गप्प बसले तर ते कोरडं वाटेल, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमची भीती खोटी नाही. "काही होत नाही हो, मुलं रमतात" असं म्हणून जो तुम्हाला दोन मिनिटांत वाटेला लावतो, त्याच्या शिबिराला पाठवूच नका. फिट यायच्या आधी तिची नजर कशी एका जागी थांबते, पोट दुखत असेल तर तो कान ओढतो, डाव्या कुशीवर झोपवलं तर लाळ घशात जाते, हे तुम्ही वर्षानुवर्षं बघून शिकला आहात. हे कुठल्याही फाईलमध्ये लिहिलेलं नसतं. ते फक्त तुमच्यापाशी आहे, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. कारण तुम्हीही कधीतरी आजारी पडाल. आयुष्यात एकही रात्र आईशिवाय न काढलेला चाळिशीचा माणूस, आईला अचानक दवाखान्यात हलवल्यावर पहिल्यांदा परक्या माणसांच्या हाती येतो, तेव्हा त्याचे किती हाल होतात ते मी पाहिलं आहे. त्याला पाणी कसं पाजायचं हेही कुणाला सांगता येत नव्हतं. घराबाहेरची पहिली रात्र अशी यायला नको. ती तयारी करून, हसतखेळत, ठरवून यावी. शिबिर ती संधी देतं.

आता मुलाच्या बाजूने बघा. घरी त्याने "पा" म्हटलं की पाण्याचा पेला समोर येतो. माया आहे ती, पण त्यामुळे पुढचा शब्द उच्चारायची वेळच त्याच्यावर येत नाही. शिबिरातल्या ताईला त्याची भाषा येत नसते, म्हणून तिला विचारावं लागतं आणि मग थांबावं लागतं. चित्रांच्या फळ्यावर बोट न्यायला त्याला अर्धं मिनिट लागणार असेल, तर अर्धं मिनिट. निळा शर्ट की पिवळा? पाण्यात उतरायचं की काठावर बसायचं? आई शेजारच्या खोलीत असली की हे घडत नाही, कारण उत्तर तीच देते. आई चुकते असं मी म्हणत नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने उत्तर तिच्या तोंडून आधी निघतं, एवढंच. आणि मुलगाही मान तिच्याच दिशेला वळवून बघत राहतो.

शिवाय मैत्री. व्हीलचेअरवरच्या मुलीला शाळेत मैत्रिणी असतात, पण त्या सहसा तिला मदत करणाऱ्या असतात. दिवे मालवल्यावर कुजबुजत कुणाची तरी नक्कल करणारी, तिच्यावर रुसणारी, तिच्याशी भांडणारी मैत्रीण तिला शिबिरात भेटते. तिथे सगळ्यांनाच काही ना काही मदत लागते, मग मदत लागणं ही ओळख उरतच नाही.

याला इतिहासातही पुरावा आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत 1951 साली कॅम्प जेनेड नावाचं दिव्यांगांचं उन्हाळी शिबिर सुरू झालं आणि 1977 पर्यंत चाललं. पुढे दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढलेल्या ज्युडिथ ह्यूमन तिथे लहानपणापासून दर उन्हाळ्यात जात. दीड वर्षाच्या असताना त्यांना पोलिओ झाला होता. व्हीलचेअरमुळे आगीच्या वेळी धोका होईल, असं कारण देऊन शाळेने त्यांना प्रवेश नाकारला होता. शिबिरात मुलं पोहायची, खेळायची, प्रेमात पडायची आणि रात्री आपापसांत बोलायची: आई-वडील आपल्याला किती जपतात, शाळा का घेत नाही, दुकानाच्या पायऱ्या कुणी आणि का बांधल्या. घरी जे आपलं नशीब वाटायचं, ते इतरांच्याही वाट्याला आलेलं आहे, म्हणजे ते बदलता येईल, हे त्यांना एकत्र राहिल्यामुळे उमगलं. पुढे एप्रिल 1977 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभराहून अधिक दिव्यांग माणसांनी तीन आठवड्यांहून जास्त काळ ठाण मांडलं. सरकारी पैशावर चालणाऱ्या कुठल्याही ठिकाणी दिव्यांगांना डावलता येणार नाही, असं सांगणारा कायदा 1973 मध्ये झाला होता, पण त्याचे नियम रखडले होते. त्या मुक्कामाच्या पुढाकारात ह्यूमन होत्या आणि जेनेडमधले त्यांचे सोबतीही होते. 28 एप्रिलला नियमांवर सही झाली. त्या इमारतीत मदतनिसांच्या तुटवड्यात एकमेकांची शुश्रूषा करत ते राहिले. मला वाटतं, एकमेकांना उचलायचं कसं, भरवायचं कसं, लाज न बाळगता मदत मागायची कशी, हे त्यातल्या काही जणांच्या अंगात शिबिरांतच भिनलं असणार.

तुमच्या मुलीने आंदोलन करावं म्हणून शिबिराला पाठवा, असं मी म्हणत नाही. तिने नुसतं पाण्यात पाय सोडून बसायचं ठरवलं तरी पुरे. मौज करणं हाही हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या 2006 च्या करारात 30वं कलम खास विरंगुळा, खेळ आणि सांस्कृतिक जीवन यांसाठी आहे. शिबिराचं माहितीपत्रक फक्त "थेरपी"ने भरलेलं दिसलं की मला खटकतं. वर्षभर फिजिओथेरपी, स्पीच थेरपी करून थकलेल्या मुलाला उन्हाळ्यातही व्यायामाचाच तक्ता कशाला? पोहताना स्नायू सैल होतील ते होतील, पण पोहायचं ते मजा येते म्हणून.

मोठ्यांविषयी मला जास्त बोलायचं आहे, कारण त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. अठरा वर्षं झाली की शाळा संपते आणि बहुतेकांचं जग एका खोलीत येऊन थांबतं. पस्तिशीच्या माणसाला शिबिरात आणल्यावर टोप्या घालून गोल फिरवणं, बडबडगीतं म्हणायला लावणं, "शहाणं बाळ" म्हणणं मला सहन होत नाही. बौद्धिक अक्षमता असली म्हणून पस्तीस वर्षं पुसली जात नाहीत. त्याला वर्तमानपत्र हातात धरायचं असतं, उशिरा जागायचं असतं, दाढी स्वतः करायची असते, कुणीतरी आवडलेलं असतं आणि तिच्या शेजारी बसायचं असतं. मोठ्यांच्या चांगल्या शिबिरात उठायची वेळ थोडी सैल असते, कार्यक्रमाला "नाही" म्हणता येतं, अंघोळीला स्त्री मदतनीस हवी की पुरुष हे आधी विचारलेलं असतं, आणि खोलीत शिरताना दार वाजवलं जातं. दार वाजवतात का, एवढं एक पाहिलं तरी शिबिर कसं आहे ते बरंचसं कळतं.

मदतनीस किती, हा पुढचा मुद्दा. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या बहीण युनिस केनेडी श्रायव्हर यांनी जून 1962 मध्ये मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या आवारात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शिबिर भरवलं, तेव्हा प्रत्येक मुलामागे एक तरुण स्वयंसेवक अशी रचना ठेवली होती. त्याच कामातून पुढे 20 जुलै 1968 रोजी शिकागोत पहिलं स्पेशल ऑलिम्पिक्स, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या क्रीडास्पर्धा, झालं. सगळीकडे एकास एक लागतंच असं नाही. आपलं आपण आवरणाऱ्या तिघाचौघांत एक जण पुरतो. पण फिट येणारा माणूस पाण्यात उतरला, की फक्त त्याच्याचकडे बघणारी एक जोडी डोळे हवेतच. बुडणारा माणूस ओरडत नाही.

आता शिबिराआधी तुम्ही भरायचा माहितीचा फॉर्म. शेजारच्या खोलीत थांबण्याऐवजी तुम्ही काय करायचं, तर हा फॉर्म जीव ओतून भरायचा. "फिट येते" एवढं लिहून भागत नाही. कशी सुरू होते, किती वेळ चालते, नंतर किती झोपते, आणीबाणीचं औषध कोणतं, हे सगळं लिहा. आमच्याकडे घड्याळ लावलं जातं, कुशीवर वळवलं जातं, तोंडात काहीही घातलं जात नाही, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीची मदत बोलावली जाते. पण तिची फिट नेहमी चाळीस सेकंदांची असेल, तर दोन मिनिटं झाली की आम्हाला सावध व्हायला हवं, आणि ते फक्त तुम्हीच सांगू शकता.

उन्हाळा आहे, म्हणून उन्हाचं आवर्जून सांगते. फिटवरच्या टोपिरामेटसारख्या काही औषधांनी घाम कमी येतो. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्या माणसाला इजेच्या खाली घामच येत नाही, अंग आतल्या आत तापत जातं आणि बाहेरून त्वचा कोरडी दिसते. अशाच माणसाचं डोकं अचानक ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, तर साधी तुंबलेली कॅथेटरची (लघवीची) नळी किंवा घट्ट पट्टा हे कारण असू शकतं. रक्तदाब झपाट्याने चढलेला असतो. त्याला आडवं करायचं नाही, उठवून बसवायचं, कपडे सैल करायचे, नळी बघायची. आडवं करणं हा कुणाचाही पहिला विचार असतो, म्हणून आम्ही हे स्वयंसेवकांकडून पहिल्याच दिवशी करून घेतो.

स्पायना बिफिडा (जन्मतःच मणका पूर्ण न जुळलेला) असलेल्या अनेक मुलांना लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, तीव्र अ‍ॅलर्जी असते. आमच्या शिबिरात म्हणूनच रबरी फुगे नसतात. स्वागताला फुगे लावलेले नाहीत म्हणून हिरमुसू नका. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, तेव्हा कोलांटउड्या आणि डोकं खाली करून पाण्यात सूर मारणं याविषयी डॉक्टरांना विचारून लिहा. गिळायला त्रास असेल तर "मऊ जेवण" असं लिहू नका, कारण प्रत्येकाचं मऊ वेगळं. अन्नाच्या आणि पातळ पदार्थांच्या घट्टपणाची शून्य ते सात अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. स्पीच थेरपिस्टकडून आकडा घ्या. रात्री किती वेळाने कूस बदलायची, व्हीलचेअरची बॅटरी चार्ज व्हायला किती तास लागतात, तेही.

आणि एकत्र येणं प्रत्येक वेळी भलं करतंच, असाही माझा हट्ट नाही. सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांत चिकट स्राव साठण्याचा जन्मजात आजार) असलेल्या मुलांची शिबिरं एके काळी भरत. पण त्या मुलांच्या फुप्फुसांतले घातक जिवाणू एकमेकांना लागतात असं लक्षात आलं आणि 1990 च्या दशकात ती बंद करावी लागली. मुलांना एकमेकांची गरज होती, आणि नेमकी एकमेकांपासूनच त्यांना दूर ठेवावं लागलं. तो निर्णय घेणाऱ्यांना काय वाटलं असेल, हा विचार अजून मनातून जात नाही. तेव्हा औषध नुकतंच बदललं असेल, शस्त्रक्रिया ताजी असेल, तर या वर्षी राहू द्या. आणि ज्याला जायचं आहे त्याने स्वतःच नको म्हटलं, शब्दाने किंवा अंग चोरून, तर त्याचं ऐका. तेही उत्तरच आहे.

जायचं नक्की झालं, तर निघताना एक वाक्य टाळा: "नाही आवडलं तर लगेच न्यायला येऊ." धीर म्हणून तुम्ही बोलता, पण मूल त्यातून एवढंच ऐकतं की आई-बाबांनाही खात्री नाही. पहिल्या रात्री घराची आठवण आली की ते त्याच वाक्याला धरून बसतं. त्यापेक्षा आधी एखादी रात्र मावशीकडे, मित्राकडे राहून बघू द्या. रोज फोनवर आवाज ऐकवण्यापेक्षा छोटी चिठ्ठी पाठवा, वाचता येत नसेल तर चित्र. आम्ही तुम्हाला रोज संध्याकाळी कळवू. मुख्य माणसाचा नंबर रात्रीही लागायला हवा, हा आग्रह मात्र जरूर धरा. तुम्ही न विचारता कधीही येऊन बघू शकता का, हेही विचारा. थांबू नका म्हणणं वेगळं आणि येऊच नका म्हणणं वेगळं. दुसरं जिथे म्हणतात तिथून फॉर्म परत घ्या.

परत आल्यावर दोन-चार दिवस तो चिडचिडा होईल. मीच वाढून घेतो म्हणेल, सांडेल. मोठी मुलगी तुम्हाला खोलीचं दार लोटून घ्यायला सांगेल. यावर "शिबिरात बिघडवलं" असे फोन मला येतात. सांडू द्या. दार लोटून घ्या. आणि फॉर्ममधली "इतर माहिती"ची जागा अपुरी पडली, तर वेगळे कागद जोडा. कितीही पानं झाली तरी आम्ही ती सगळी वाचतो.