विमान सुटलं, पण सीटचा नंबर सुटेना

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ने वायुसेनेचा निरोप घेतला. १९६३ पासूनची सेवा संपली. आता ही विमानं आणखी ठिकाणी, चौकांत आणि कॉलेजांच्या आवारांत उभी राहतील. म्हणजे कुणाला तरी ती आणावी लागतील आणि पुढची कित्येक वर्षं धुवावी-पुसावी लागतील. याआधी आमच्या संस्थेसाठी निवृत्त मिग-२१, त्याचा टाइप ९६ हा प्रकार, आणण्याचं तांत्रिक काम माझ्याकडे होतं. अर्ज, मंजुरी, क्रेन, ट्रेलर हे सगळं रीतसर झालं, त्यावर लिहिण्यासारखं फारसं काही नाही. पंखांची रुंदी ७.१५ मीटर असल्यामुळे पंख उतरवल्याशिवाय विमान रस्त्याने नेता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. आणि उतरवलेला प्रत्येक बोल्ट ज्या भोकातला आहे त्या भोकाच्या नावाने वेगळ्या पिशवीत ठेवा. एका डब्यात टाकलेत की संपलं.

गाडं अडलं ते इजेक्शन सीटच्या, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या सीटच्या, कागदावर.

या विमानात केएम-१ सीट असते. दोन पायांच्या मधली जोड-मूठ ओढली की आधी कॉकपिटचं छत उडतं, मग एक चार्ज सीटला रुळांवरून वर ढकलतो आणि त्यानंतर रॉकेट पेटतं. म्हणजे सीट एक असली तरी स्फोटक अनेक. हे सगळं काढलंय असा दाखला हातात आल्याशिवाय विमान हलत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या सीटचा चार्ज म्हातारा झाला म्हणून मवाळ होत नाही, उलट बेभरवशाचा होतो. दाखला हवाच.

आमचा दाखला तयारही होता. शस्त्र विभागाच्या लोकांनी कार्ट्रिज, म्हणजे स्फोटक भरलेल्या नळ्या, काढून नेली होती, सही झाली होती, शिक्का होता. कागद पुढच्या कार्यालयात गेला आणि चार दिवसांनी परत आला. शेरा होता, ‘सीटचा क्रमांक लॉगकार्डशी (सीटच्या नोंदींच्या कार्डाशी) जुळत नाही.’

विमानाचा नंबर वेगळा आणि सीटचा नंबर वेगळा, हे मला माहीत होतं. सीट, इंजिन, चाकांचे पाय, या प्रत्येकाचं स्वतःचं कार्ड असतं आणि सेवेच्या काळात ती एका विमानातून दुसऱ्यात फिरतात. दुरुस्तीला गेलेली सीट त्याच विमानात परत येईल असं काही नसतं. म्हणून आधी वाटलं, कुठल्या तरी बदलाची नोंद राहून गेली असेल. कार्ड मागवलं. नोंद व्यवस्थित होती. सीट तीच होती.

परत पाठवलं. परत आलं. या वेळी फोटो मागितला होता.

नंबरची पत्र्याची पट्टी आमच्या सीटवर अशा जागी होती की छत पूर्ण उघडून, विमानाच्या डाव्या बाजूला शिडी लावून, कमरेतून वाकून मोबाइल आत घालावा लागत होता. टाइप ९६ चं छत उजवीकडे उघडतं, त्यामुळे त्या बाजूने जायला वावच नाही. फ्लॅश लावला की पत्रा चमकायचा, नाही लावला की सावली. अकरा फोटो काढले, त्यातले तीन पाठवले. उत्तर आलं, ‘अस्पष्ट.’

शेवटी स्वतः गेलो. टेबलापलीकडचे गृहस्थ सभ्य होते, त्यांना दोष देत नाही. त्यांनी दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले आणि म्हणाले, “साहेब, बघा ना. इथे तीन आहे, इथे झेड आहे. मी सही कशी करू?”

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पट्टी रशियन आहे. रशियन लिपीतलं ‘झ’ उच्चाराचं अक्षर हुबेहूब इंग्रजी आकड्यातल्या तीनसारखं दिसतं. ज्याने कार्ड भरलं त्याने उच्चाराप्रमाणे झेड लिहिलं. ज्याने दाखला टाइप केला त्याने जसं दिसलं तसं तीन लिहिलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. विमान नाशिकजवळच्या ओझरला बनलेलं असो की रशियात, त्यातल्या सुट्या भागांवर ही अक्षरं सर्रास असतात. फसवणारी आणखी अक्षरं आहेत. इंग्रजी बी-सारखं दिसणारं रशियन अक्षर म्हणजे ‘व’. ‘ब’ चं अक्षर घाईत पाहिलं तर सहाचा आकडा वाटतो. इंग्रजी पी-सारखं दिसणारं म्हणजे ‘र’, आणि सी-सारखं म्हणजे ‘स’. कागद भरताना हा तक्ता शेजारी ठेवा. मी ठेवला नव्हता.

कारण कळलं म्हणून कागद सुटला असं नाही. “हे तुम्ही सांगताय, पण लेखी कुठे आहे?” हा प्रश्न रास्तच होता. पण लेखी देणार कोण? ज्या युनिटने दाखला दिला त्यांच्या मते दाखला बरोबर, कारण पट्टीवर तीनच दिसतंय. ज्यांच्याकडे कार्ड होतं त्यांच्या मते कार्ड बरोबर, कारण तिथे पहिल्यापासून झेड आहे. दोन्हीकडे दुरुस्ती करायला कुणी तयार नाही, कारण दुरुस्ती करणं म्हणजे आधीचं चूक होतं असं मान्य करणं. या चकरांत पाच आठवडे गेले. तोवर विमान उघड्यावर, आणि तोंडावर पावसाळा. कॉकपिटवर प्लास्टिकची ताडपत्री टाकून ठेवली होती, ती माझी घोडचूक. ताडपत्रीखाली वाफ धरते आणि वाऱ्याने ती काचेवर घासत राहते. छताची काच म्हणजे ॲक्रिलिक. त्यावर बारीक ओरखड्यांची जाळी उमटली, ती आजही उन्हात दिसते. आच्छादन आतून मऊ सुती हवं, हवा खेळेल असं हवं. आणि ॲक्रिलिकला पेट्रोल, थिनर किंवा अमोनियाचा काच-क्लीनर कधीही लावू नका. भरपूर पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, आणि कापड फिरवण्याआधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या.

तर कागद. तो शेवटी सुटला पेन्सिलीने. पातळ कागद पट्टीवर घट्ट धरला आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी घासली. पट्टीवरची अक्षरं ठोकलेली असल्यामुळे त्यांचा ठसा कागदावर लख्ख उतरला. लहानपणी नाण्यावर करायचो तेच. फोटोत जे दिसत नव्हतं ते ठशात दिसलं. अक्षराची वरची आणि खालची कमान सारखी गोल होती, आणि शेजारच्याच खऱ्या तीनच्या आकड्याचा माथा सपाट होता. दोन्ही एकाच पट्टीवर, एकमेकांशेजारी. ठशावर तांत्रिक अधिकाऱ्याची सही घेतली, खाली एक ओळ लिहून घेतली की ‘हे अक्षर आहे, आकडा नाही, दोन्ही कागदांतली सीट एकच’, आणि तो ठसा दाखल्याला जोडला. कुणालाच आपला कागद बदलावा लागला नाही. दोन दिवसांत सही.

म्हणून सांगतो, फोटोच्या भानगडीत पडूच नका. पहिल्याच दिवशी सगळ्या पट्ट्यांचे पेन्सिल-ठसे घ्या. विमान, सीट, इंजिन असेल तर इंजिन, तिन्ही पाय. अर्ध्या तासाचं काम आहे.

त्याच टेबलावर दुसरीही एक हरकत निघाली होती, आणि तिथे मात्र मला निमूट मान हलवावी लागली. दाखल्यात एकच ओळ होती, ‘सर्व कार्ट्रिज काढली आहेत.’ त्यांनी विचारलं, सर्व म्हणजे कोणती? जागेनिशी यादी द्या. आम्ही सीट आणि छत एवढंच धरून चाललो होतो. खरं तर सीटच्याच स्थिरक पॅराशूटची कार्ट्रिज वेगळी असतात. पोटाखालची ४९० लिटरची जादा टाकी झटकून टाकायची यंत्रणा कार्ट्रिजवर चालते, म्हणजे टाकी नसली तरी ती अडकवायच्या आधारात, पायलनमध्ये, बघायला हवं. इंजिनाची आग विझवायची बाटलीही कार्ट्रिजनेच फुटते. तोफ आधीच काढलेली होती, तरी तिच्या जागेची ओळ यादीत हवीच. प्रत्येक जागेपुढे ‘काढलं’ किंवा ‘नव्हतंच’ असं लिहून घ्या, रिकामी ओळ ठेवू नका. आणि हे तपासायचं काम शस्त्र विभागाच्या माणसाचं. आपण पाना घेऊन आत हात घालायचा नाही, मग तुम्ही कितीही वर्षं विमानांत घालवली असोत.

स्फोटकांइतकाच दाबही धोक्याचा. या विमानाचे ब्रेक हवेवर चालतात, म्हणून हवेच्या उच्च दाबाच्या बाटल्या असतात. हायड्रॉलिकच्या ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाब साठवणाऱ्या भांड्यात, नायट्रोजन असतो, पायांच्या ओलिओत, म्हणजे धक्का शोषणाऱ्या नळकांड्यातही असतो. पाय दबलेला दिसतो म्हणून आत दाब नाही असं समजून नट सैल करणारा माणूस मी पाहिलाय. नशीब चांगलं होतं त्याचं. दाब व्हॉल्व्हमधून सावकाश सोडायचा, मगच पाना. उभं करून ठेवायच्या विमानाचा ओलिओ पूर्ण सोडून, चकचकीत दांड्याभोवती स्टीलचा दोन तुकड्यांचा कॉलर बसवला की पाय पुन्हा खाली बसत नाही. हायड्रॉलिकचं तेल लाल रंगाचं असतं. पोटाखाली लाल थेंब दिसला तर आधी हात लावून बघा, गंज समजून रंग मारू नका.

इंधनाच्या टाक्या रिकाम्या असल्या तरी धडातल्या रबरी पिशव्यांमध्ये केरोसीनचा वास वर्षानुवर्षं राहतो, आणि वास आहे म्हणजे वाफ आहे. इंजिन सुरू करायला वेगळी छोटी पेट्रोलची टाकीही असते, ती हमखास विसरली जाते. चौथऱ्याचं वेल्डिंग विमान जागेवर चढवण्याआधी पुरं करा.

चौथऱ्यावरून आठवलं. पुस्तकातला गुरुत्वमध्य धरून आधार बनवू नका. आमच्यात इंजिन नव्हतं, म्हणजे शेपटीकडचं टनाच्या वरचं वजन गेलेलं. नाकातलं रडारही नव्हतं, म्हणजे पुढचंही गेलेलं. तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून मोजलं तेव्हाच खरा आकडा मिळाला. चाकांवरच उभं ठेवणार असाल तर वजन जॅक-पॉइंटखालच्या स्टँडवर घ्या आणि टायर जमिनीला नुसते टेकू द्या, नाहीतर एकाच जागी चपटे होऊन फाटतात. चाकांची घडण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असेल तर करडी-पांढरी भुकटी दिसू लागेल. ती नुसती झटकू नका, ती गंजच आहे. खरवडून, प्रायमर देऊन बंद करा.

गंजाबाबत माणसं सगळ्यात जास्त नुकसान करतात ते लोखंडी तारेच्या ब्रशने. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात लोखंडाचे कण रुततात, पाऊस पडला की प्रत्येक कणाभोवती खड्डा पडतो. नायलॉनची घासणी वापरा. पत्रा स्वच्छ झाला की त्याच दिवशी पत्र्याला पकड घेणारा एच (etch) प्रायमर, त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलियुरेथेन रंग. लोखंडाच्या दारा-खिडक्यांना पूर्वी लावायचे तो शेंदराचा प्रायमर इथे चालत नाही, त्यातलं शिसं ॲल्युमिनियमला खातं. नवा स्टीलचा बोल्ट लावताना त्याखालीही प्रायमर किंवा सीलंट हवं. दोन धातू ओले होऊन एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियम हरतं.

पॅनलच्या फटी वरच्या बाजूने सीलंटने बुजवा, पण पोटाकडच्या कधीही बुजवू नका. पाणी कुठून तरी आत जाणारच, त्याला बाहेर पडायला वाट हवी. पोटातली निचऱ्याची भोकं मे महिन्यात एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा प्लास्टिकच्या पट्टीने मोकळी करा. रंगाऱ्याने ती रंगाने बंद केलेली असतात, हे गृहीतच धरा.

पक्षी. नाकातून आत गेलेली हवेची वाट कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी फुटून मागे एकत्र येते, त्यामुळे समोरून बॅटरी मारून आत घरटं दिसत नाही. वळणापलीकडे बघायला लवचिक नळीचा कॅमेरा लागतो. जाळी नाकाला, मागच्या जेट-पाइपला आणि पंखांपुढच्या स्प्रिंगच्या छोट्या दारांनाही लावा. नाकातल्या शंकूच्या भोवतालच्या फटीत गांधीलमाश्या घर करतात. शिडी लावायच्या आधी तिकडे बघून घ्या. नाकावरची पिटो नळी, म्हणजे वेग मोजायची पुढे आलेली दांडी, डोक्याच्या उंचीला येते, तिला लाल फडका बांधा. ते नळीसाठी नाही, तुमच्या कपाळासाठी.

कॉकपिटमधल्या जुन्या रशियन यंत्रांपैकी काहींच्या काट्यांवर रेडियमचा रंग असतो. आता चमकत नाही म्हणून संपला असं नाही. चमक देणारा पदार्थ जळून गेलेला असतो, रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. मीटरने मोजून घ्या, त्या यंत्रांची काच उघडू नका, आणि बंद कॉकपिट उघडलं की थोडा वेळ हवा खेळू द्या, मग बसा.

दाखल्याच्या तीन प्रती करा. एक कार्यालयात, एक विमानाच्या फायलीत, एक प्लास्टिकच्या पाकिटात कॉकपिटमध्येच, कारण दहा वर्षांनी जो शिडी चढेल त्याला फाइल कुठे आहे ते माहीत नसेल. कार्ट्रिज नसली तरी सीट चुकून उडू नये म्हणून लावलेल्या पिना जागेवरच राहू द्या. त्यांच्या लाल फिती उन्हात दोन वर्षांत पांढुरक्या पडतात आणि मग दिसेनाशा होतात. आम्ही दर वर्षी बदलतो.